लघवीच्या नळीला निर्जंतुक बूच लावताना: जोड उघडण्यापासून पिशवी परत लागेपर्यंत

मागे एका घरी ड्रेसिंगला गेले होते. आजोबांना आंघोळ घालायची म्हणून मुलानं लघवीची पिशवी सोडवून ठेवली होती आणि कॅथेटरच्या, म्हणजे लघवीच्या नळीच्या, तोंडात इंजेक्शनच्या सुईचं प्लास्टिकचं टोपण खोचलं होतं. लघवी गळत नव्हती, म्हणून तो खूश होता. पिशवीची नळी मात्र फरशीवर लोळत होती आणि आंघोळ झाल्यावर तीच नळी तशीच परत जोडली जाणार होती. तो बिचारा काळजीपोटीच करत होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की नळी आणि पिशवीचा जोड उघडला की दोन तोंडं उघडी पडतात, आणि दोन्ही झाकावी लागतात.

पिशवी सोडवल्यावर नळीचं तोंड बंद करायचं बूच म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी वस्तू. पण त्याच्याभोवती इतक्या चुका होताना पाहिल्यात की एकदा सगळं सविस्तर लिहायचं ठरवलं. एक गोष्ट आधीच सांगते. बूच लावायला डॉक्टरांनी परवानगी दिलेली असेल आणि सिस्टरनं एकदा तुमच्यासमोर करून दाखवलं असेल, तरच घरी हात घालायचा. हा लेख त्या शिकवणीची उजळणी आहे, तिची जागा घेणारा नाही.

हे बूच असतं कसं

मूत्राशयात कायम ठेवतात ती नळी बहुतेक वेळा फोली कॅथेटर असते. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी १९३०च्या दशकात फुगा असलेली नळी तयार केली, त्यांच्यावरून हे नाव पडलं. नळीचं एक टोक आत असतं आणि पाण्याच्या फुग्यामुळे ते निसटत नाही. बाहेरच्या टोकाला दोन फाटे दिसतील. एक बारीक, रंगीत झडपेचा. तो फुग्याचा. दुसरा रुंद, नरसाळ्यासारखा पसरट. तो लघवीचा, त्यातच पिशवी जोडलेली असते आणि बूच लागतं तेही त्यातच. रंगीत झडपेला काहीही जोडायचं नाही, त्यात काही खोचायचं नाही, ती दाबूनही पाहायची नाही. फुग्यातलं पाणी गेलं तर नळीच बाहेर येते.

झडपेचा रंग नळीची जाडी सांगतो. १४ नंबर हिरवा, १६ नंबर केशरी, १८ नंबर लाल. हे नंबर फ्रेंच मापात असतात आणि १ फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. म्हणजे १६ नंबरची नळी बाहेरून साधारण ५.३ मिलिमीटर जाड. बूच घेताना या नंबराची फार चिंता करावी लागत नाही, कारण नळी बारीक असो वा जाड, नरसाळ्यासारखं तोंड बरंचसं सारखंच असतं. बूचही निमुळतं, पायऱ्यापायऱ्यांचं केलेलं असतं. जिथे घट्ट बसेल तिथे ते अडतं.

वॉर्डात याला स्पिगॉट म्हणतात. एकेक बूच वेगळ्या सीलबंद पाकिटात, निर्जंतुक करून येतं. काही पाकिटांत दोन वस्तू असतात, नळीसाठी बूच आणि पिशवीच्या नळीच्या टोकासाठी टोपण. घेताना अशी जोडी मिळाली तर तीच घ्या. ती नसेल तर नव्या पिशवीच्या टोकावर जे टोपण येतं ते जपून ठेवण्याची युक्ती बरेच लोक करतात, पण एकदा काढून ड्रॉवरमध्ये पडलेलं टोपण निर्जंतुक राहत नाही. त्यापेक्षा जुनी पिशवी टाकून परत जोडताना नवी लावलेली बरी.

बूच एकदाच वापरायचं असतं. उकळून, स्पिरिटमध्ये बुडवून, सलाईननं धुऊन पुन्हा लावायचं नाही. पायऱ्यांच्या खाचांत राहिलेली घाण डोळ्यांना दिसत नाही.

आधी प्रश्न: जोड उघडायलाच हवा का?

पूर्वी कॅथेटरचं तोंड उघड्या बाटलीत सोडलेलं असायचं आणि चारेक दिवसांत जवळपास प्रत्येक पेशंटच्या लघवीत जंतू सापडायचे. १९६६ मध्ये अमेरिकन डॉक्टर कॅल्विन क्युनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं बंद पिशवीच्या पद्धतीनं हे जंतू बरेच लांबवता येतात असं दाखवलं आणि नळी, जोड, पिशवी असं सगळं बंद ठेवण्याची पद्धत रुळली. बंद ठेवूनही नळी असलेल्यांपैकी रोज साधारण ३ ते ७ टक्के जणांच्या लघवीत नव्यानं जंतू शिरतातच. महिनाभर नळी राहिली तर जवळपास सगळ्यांच्याच. म्हणजे बंद व्यवस्था जंतूंना थोपवून धरते, अडवून टाकत नाही. आणि आपण जोड उघडतो तेव्हा ती थोपवणारी भिंतच काढतो.

अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांत तर जोड निसटला, गळला किंवा निर्जंतुकपणा मोडला तर नळी आणि पिशवी दोन्ही नवीन घाला, इतकं स्पष्ट म्हटलं आहे. काही संच नळी आणि पिशवी आधीच जोडून, जोडावर सील लावून येतात. तुमच्याकडे तसा संच असेल तर ते सील बुचासाठी फोडू नका.

म्हणून मी घरच्यांना आधी हे विचारते. आंघोळीसाठी बूच हवंय? पिशवी रिकामी करून, जोडलेलीच ठेवून आंघोळ घालता येते. पिशवी भिजली तर पुसायची. चालण्यासाठी हवंय? मांडीला बांधायची छोटी पिशवी मिळते, कपड्यांखाली दिसतही नाही. दिवसातून अनेकदा नळी बंद-चालू करायची आहे? मग बूच ही चुकीची वस्तू आहे. त्यासाठी कॅथेटर व्हॉल्व्ह असतो, छोट्या नळासारखा. तो नळीला लागला की लागलेलाच राहतो, नुसती खिटी फिरवायची, जोड उघडावाच लागत नाही. साधारण आठवड्यानं तो बदलतात. दिवसातून चार वेळा बूच काढणारी घरं मी पाहिलीत आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांना व्हॉल्व्हबद्दल विचारा असंच सुचवलंय.

मग बूच लागतं कुठे? तीन-चार ठिकाणी. मूत्राशयात औषध सोडून ते काही वेळ आत धरून ठेवायचं असतं तेव्हा. तपासणीसाठी किंवा पेशंटला हलवताना पिशवी थोडा वेळ खरोखरच अडचणीची ठरते तेव्हा. पोटातून घातलेली नळी बंद करून पेशंटला नेहमीच्या वाटेनं लघवी होते का ते डॉक्टरांना पाहायचं असतं तेव्हा. आणि तीन तोंडांच्या नळीला. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर मूत्राशय सतत धुण्यासाठी अशी नळी घालतात. धुणं बंद केलं की पाणी आत जाण्याचा फाटा रिकामा राहतो, तो बुचानं बंद करतात. इथे लघवीची वाट मोकळीच असते, म्हणून हे बूच दिवसभर राहिलं तरी मूत्राशय फुगत नाही. मात्र घाईत लघवीच्या फाट्याला बूच लागलं तर पंचाईत होते, म्हणून लावण्याआधी कोणत्या फाट्यातून लघवी पिशवीत येतेय ते बोटानं माग काढत पाहायचं.

नळी काढण्याआधी मूत्राशयाला 'सवय' लागावी म्हणून बूच लावून ठेवण्याची पद्धत अजून बऱ्याच जागी दिसते. त्याची गरज नाही, असं सीडीसीच्या त्याच सूचनांत लिहिलंय. डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं तर त्यांना कारण विचारून करा, शेजारच्यानं सांगितलं म्हणून करू नका.

कोणाला बूच लावायचंच नाही

लघवीत रक्त किंवा रक्ताच्या गुठळ्या येत असतील तर नाही. वाहती लघवी गुठळी बाहेर नेते. ती अडवली तर गुठळी आतच साकळते आणि नळी चोंदते. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग चालू असताना नाही. लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढते असं निदान झालेलं असेल, किडनीचं काम मंदावलेलं असेल किंवा मूत्राशय फार लहान, सारखं आकुंचन पावणारं असेल तर नाही. मूत्राशयाचं, मोठ्या आतड्याचं किंवा गर्भाशयाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय नाही.

ज्यांना मूत्राशय भरल्याची जाणीवच होत नाही, किंवा होऊनही सांगता येत नाही, त्यांच्याबाबत फार सावध राहा. लकवा, विस्मरणाचा आजार, झोपेचं औषध, अर्धवट शुद्ध, ही सगळी मंडळी यात येतात. पाठीच्या मणक्याला छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा झालेली असेल तर भरलेल्या मूत्राशयामुळे रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम सुटतो. असं दिसलं तर आधी बूच काढा, पेशंटला बसतं करा, अंगावरचे घट्ट कपडे सैल करा आणि ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा. हे थांबून पाहण्यासारखं लक्षण नाही.

हाताशी काय लागेल

सीलबंद बूच, शक्यतो टोपणासकट, आणि एक जास्तीचं. हातातून पडलं तर धावपळ नको. स्वच्छ हातमोजे. ७० टक्के अल्कोहोलचे निर्जंतुक स्वॅब, निदान चार. अंगाखाली घालायला टॉवेल किंवा पाणी शोषणारी चादर. लघवीसाठी एक भांडं, मापाच्या खुणा असतील तर उत्तम. कचऱ्याची पिशवी. परत जोडायला नवी लघवीची पिशवी. आणि कागद-पेन, किंवा मोबाइलमधला गजर. हा शेवटचा जिन्नस सगळ्यात जास्त विसरला जातो.

पाकिटावर तारीख पाहा. पाकीट ओलसर, टोचलेलं किंवा कडेनं सुटलेलं असेल तर आतलं बूच कितीही नवं दिसलं तरी वापरू नका.

बूच लावताना

पहिली पायरी, लघवी वाहतेय का ते पाहा. नळीला पीळ नाही ना, पेशंटच्या मांडीखाली ती दबली नाही ना, पिशवी मूत्राशयापेक्षा खाली आहे ना? दोन-चार मिनिटं नळीत लघवी येऊ द्या, म्हणजे मूत्राशय रिकामं होऊन तुमचं घड्याळ शून्यापासून सुरू होईल. वाहत नसेल तर बूच लावायचंच नाही, आधी ती का अडली ते शोधायचं. मग पिशवी तळाच्या तोटीतून रिकामी करा आणि किती लघवी होती ते लिहा. जड पिशवी नळीला ओढ देते.

पेशंटला काय करणार ते सांगा. उताणं किंवा अर्धवट बसतं करा, पडदा ओढा, टॉवेल नळीच्या जोडाखाली पसरा. आपल्याच घरातल्या माणसाची लाज राखणं आपण घाईत विसरतो.

हात साबण-पाण्यानं ४० ते ६० सेकंद धुवा. अल्कोहोलचं हँडरब असेल तर २० ते ३० सेकंद चोळून वाळू द्या. मोजे घाला. मोजे घातले म्हणून हात धुणं चुकवायचं नाही.

आता बुचाचं पाकीट सोलून उघडा आणि बूच आतच राहू द्या. पाकिटाचा कागद उलटा पसरला की तोच छोटा निर्जंतुक पाट होतो. बुचाचा जाड माथा तुमच्या बाजूला आणि निमुळतं टोक आतल्या बाजूला, असं ठेवा. पुढे एका हातानं उचलायचंय, कारण दुसरा नळी धरण्यात गुंतलेला असेल. नवखी माणसं इथेच अडतात. जोड उघडतात, मग पाकीट फाडायला दुसरा हात हवा होतो, आणि उघडी नळी चादरीवर टेकते.

जोड अल्कोहोलच्या स्वॅबनं चोळा. नुसतं पुसायचं नाही, जिथे नळी आणि पिशवी एकमेकांत शिरतात त्या फटीभोवती १५ सेकंद गोल गोल घासायचं, आणि वाळू द्यायचं. अल्कोहोल वाळतं तेव्हाच त्याचं काम पूर्ण होतं. फुंकर मारून वाळवायचं नाही. हे मी सांगते तेव्हा लोक हसतात, पण मी डोळ्यांनी पाहिलंय.

जोडाच्या थोडं वर, पण दोन फाटे फुटतात त्याच्या खालच्या रुंद भागात, नळी दोन बोटांत चिमटून धरा, म्हणजे लघवी ठिबकणार नाही. चिमटा किंवा रबरबँड नको. वॉर्डातला दातेरी चिमटा सरळ नळीवर लावला तर रबर चिरतं आणि आतल्या बाजूनं जाणारी फुग्याची बारीक वाट चिकटू शकते. ती चिकटली की नळी काढायच्या दिवशी फुगा रिकामाच होत नाही.

नळीचं नरसाळं एका हातात घट्ट. दुसऱ्या हातानं पिशवीचं टोक गोल फिरवत, हलकेच बाहेर. ओढायचं ते पिशवीकडून, नळीकडून अजिबात नाही. नळीला बसलेला झटका थेट आतल्या फुग्यापर्यंत पोचतो आणि पेशंट कळवळतो.

पिशवीचं टोक कशालाही टेकू न देता बोटांच्या बेचक्यात धरा. बूच माथ्याला धरून उचला आणि नळीच्या तोंडात फिरवत बसवा, घट्ट बसेपर्यंत. शेवटच्या पायरीपर्यंत ठासायची गरज नाही. फार ठासलेलं बूच काढताना मग तेवढाच जोर नळीला बसतो. निमुळत्या भागाला बोट लागलं, चादर लागली, तर ते बूच गेलं, दुसरं घ्या. लगेच पिशवीच्या टोकावर टोपण चढवा. तेल, व्हॅसलीन असलं काही वंगण लावायचं नाही. लॅटेक्सची, म्हणजे रबराची, नळी त्यानं खराब होते आणि बूचही सटकतं.

चिमटलेली बोटं सोडा. मिनिटभर पाहा, बुचाभोवती ओल येते का? नसेल तर नळी थोडी सैल ठेवून मांडीला पट्टीनं चिकटवा, पुरुषांत मांडीच्या वरच्या भागाला किंवा ओटीपोटाला. टोपण घातलेली पिशवी स्वच्छ जागी अडकवा, फरशीवर नको.

आणि वेळ लिहा.

घड्याळ

मी नवीन असतानाची गोष्ट. फिजिओथेरपीला जाणाऱ्या एका पेशंटला मी बूच लावलं. तो परत आला, कॉटवर झोपला, माझी पाळी संपली. बूच माझ्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. पिशवी कॉटला अडकवलेली, तिची नळी पांघरुणात गेलेली. लांबून सगळं जोडलेलंच दिसत होतं. पुढच्या पाळीच्या सिस्टरला पिशवी रिकामी दिसली, तिला वाटलं आत्ताच कोणीतरी ओतली असेल. संध्याकाळी पेशंट अस्वस्थ, घामाघूम, कोणाशी धड बोलेना. पोट पाहिलं तर बेंबीखाली टणक गोळा. बूच काढल्यावर साडेनऊशे मिली लघवी निघाली. दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. तेव्हापासून बूच लावलं की पांघरुणावर, सगळ्यांना दिसेल असा, वेळ लिहिलेला कागद पिनेनं लावते.

हिशोब साधा आहे. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण दीड लिटर लघवी होते, म्हणजे तासाला ६० मिलीच्या आसपास. मूत्राशयात १५० ते २५० मिली जमली की पहिली जाणीव होते, ४०० ते ५०० मिलीला ते भरतं. या सरासरीनं चार तासांत २४० मिली. म्हणूनच एरवी तीन-चार तास ही बाहेरची हद्द मानतात. पण ही सरासरी आहे. सलाईन चालू असेल, पेशंट भरपूर पाणी पीत असेल किंवा लघवी वाढवणारी गोळी घेतली असेल तर दोन तासांतच मूत्राशय तुडुंब होऊ शकतं. लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइडची गोळी तासाभरात काम सुरू करते आणि तिचा जोर पहिल्या एक-दोन तासांत असतो. त्या वेळात बूच लावायचंच नाही.

तुमच्या पेशंटसाठी किती वेळ, ते डॉक्टर सांगतील तोच आकडा. मूत्राशयात औषध सोडलं असेल तर धरून ठेवायची वेळ त्या औषधाप्रमाणे ठरते, ती आपल्या मनानं कमी-जास्त करायची नाही. ज्या कामासाठी लावलं ते काम आधी संपलं तर बूचही तेव्हाच निघालं पाहिजे, उरलेला वेळ वापरायचा नसतो. रात्री झोपताना कधीही नाही.

पोटात ताण, लघवीची असह्य घाई, नळीच्या बाजूनं गळणं, थंडी, डोकं दुखणं, वृद्ध माणसाची अचानक चिडचिड किंवा गोंधळ, यांपैकी काहीही दिसलं की घड्याळ बाजूला ठेवून बूच काढा. बाजूनं गळलं म्हणजे नळी बारीक आहे, असं लोकांना वाटतं. बहुधा मूत्राशय भरलेलं असतं, किंवा आकुंचन पावत असतं.

बूच काढून पिशवी परत जोडताना

हात पुन्हा धुवा, नवे मोजे घाला. नवी पिशवी आधी तयार ठेवा. तिच्या तळाची तोटी बंद आहे का ते पाहा. न पाहता जोडली तर लघवी सरळ तुमच्या पायांवर येते, आणि ते एकदा घडलं की जन्मभर आठवतं. पिशवी मूत्राशयाच्या खाली अडकवून ठेवा, टोकावरचं टोपण अजून काढू नका.

भांडं नळीच्या तोंडाखाली धरा. नळी दोन बोटांत चिमटून धरा, जोड १५ सेकंद घासा, वाळू द्या. नरसाळं घट्ट धरून बूच फिरवत काढा. मूत्राशय भरलेलं असेल तर लघवी जोरानं येते, म्हणून तोंड तुमच्याकडे किंवा पेशंटच्या चेहऱ्याकडे नको. बूच कचऱ्यात टाका. पिशवीचं टोपण काढा, टोकाला हात न लावता ते नळीत फिरवत बसवा आणि मग चिमटलेली बोटं सोडा.

जुनीच पिशवी परत लावायची असेल तर तिचं टोक सगळा वेळ निर्जंतुक टोपणाखाली असायला हवं आणि तेही स्वॅबनं घासून घ्यायला हवं. थोडी जरी शंका असेल तरी नवी. नवी पिशवी जंतुसंसर्गापेक्षा स्वस्तच पडते.

आता थांबा. पाच मिनिटं नळीकडे पाहत राहा, लघवी उतरतेय का? किती उतरली ते लिहा. दोन तास बूच होतं आणि पंधरा मिली आली, तर काहीतरी अडलंय. पाचशेच्या वर आली, तर पुढच्या वेळी वेळ कमी करायला हवी, आणि हे डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.

अडलं तर

बूच निघत नसेल तर पक्कड, दात, कात्री यांतलं काही नको. कोरड्या गॉजनं बुचाचा माथा धरा, पकड बसते, आणि नरसाळं न ओढता फिरवा. तरीही नाही निघालं तर सिस्टरला बोलवा. पेशंटला त्रास होत असेल तर वाट न पाहता जवळच्या दवाखान्यात न्या. नळी कापायची नाही.

बूच आपोआप उडालं तर आतला दाब वाढलाय असं समजा. तेच बूच परत खोचू नका. नळीचं तोंड स्वॅबनं घासून थेट नवी पिशवी लावा, आणि तोंड किती वेळ उघडं होतं, कशाला टेकलं होतं, ते सिस्टरला सांगा. नळीच बदलायची का, हे त्या ठरवतील.

पिशवी लावली आणि लघवीच येत नाही? पीळ पाहा, पिशवीची उंची पाहा, पेशंटला कूस बदलायला लावा. शौचाला कधी झाली तेही विचारा. साठलेला मळ नळी दाबतो, हे कारण घरात कोणाच्या डोक्यात येत नाही. एवढं करून अर्ध्या तासात थेंब नाही किंवा पोट दुखतंय, तर फोन करा. बऱ्याच दिवसांच्या नळीत क्षारांचा पांढुरका थर साचून तोंड बंद होतं. प्रोटियससारखे काही जंतू लघवी अल्कधर्मी करतात आणि क्षार नळीच्या आत चिकटतात. अशी नळी सहसा बदलावीच लागते. घरच्या घरी सिरिंजनं जोरात पाणी मारून पाहू नका.

लघवी गढूळ दिसली किंवा वास आला म्हणजे लगेच जंतुसंसर्ग झाला असं नाही, आणि तेवढ्यावरून अँटिबायोटिक सुरू करायचं नसतं. ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप, हुडहुडी, कुशीत दुखणं, मळमळ, गुंगी किंवा भ्रम, लघवीत नव्यानं रक्त, ही लक्षणं मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायची. कळवताना तीन आकडे हाताशी ठेवा: बूच कधी लावलं, कधी काढलं, किती लघवी निघाली. रात्री अकराला फोन उचलणाऱ्या डॉक्टरला 'जरा वेळ लावलं होतं' या वाक्यातून काहीच कळत नाही.